जळगावची खुर्ची, धुळ्याचा हात

मी ज्या कारखान्यात नोकरी करते, त्याचे मालक दोन सख्खे भाऊ. त्यांचं आपसातलं बोलणं एका खुर्चीवरून बंद झालं. खुर्ची आमचीच होती, म्हणजे आमच्या कारखान्यात बनलेली, पांढरी, प्लॅस्टिकची. धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न जळगावच्या एका लॉनवर होतं. थोरले भाऊ पहिल्या रांगेत, सरबताचा ग्लास हातात धरून बसले होते. ऐसपैस बसावं म्हणून त्यांनी मागे रेलून पाय पसरले, तर खुर्चीनेही मागचे दोन पाय पसरले. थोरले सावकाश, ग्लास न सांडता, जमिनीवर येऊन टेकले. धाकटे त्या क्षणी माईकवर पाहुण्यांचं स्वागत करत होते. त्यांना हसू आलं. ते दाबायच्या आत माईकमधून साऱ्या लॉनभर पसरलं, आणि मागच्या रांगेतल्या ज्यांनी काही पाहिलंच नव्हतं, तेही हसले.

थोरले उठले, ग्लास खुर्चीच्या उरलेल्या भागावर ठेवला, बायकोला हाक मारली आणि न जेवता धुळ्याला निघून गेले.

थोरल्यांना सगळे आबा म्हणतात, धाकट्यांना नाना. साचे आबांच्या धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये बनतात आणि त्या साच्यांतून खुर्च्या नानांच्या जळगावच्या कारखान्यात निघतात. त्यामुळे भांडण झालं तरी धंदा वेगळा करता येईना. आबांचं म्हणणं, नानाने पायांची जाडी परस्पर कमी केली. नानांचं म्हणणं, आबांनी पायांचा कोनच चुकीचा धरला. दोघंही हे एकमेकांना सांगत नव्हते. मला सांगत होते.

मी कंपनीची डिझायनर. अहमदाबादला वस्तूंचं डिझाइन शिकून परत जळगावला आले, तेव्हा आईला वाटलं होतं की मी मोटारी नाहीतर विमानं तरी बनवीन. मी बादल्या, मग, पाट आणि खुर्च्या बनवते. पण लग्नातल्या त्या प्रकारानंतर माझं खरं काम निरोप पोचवायचं झालं. आईचं माहेर शिंदखेड्याचं, त्यामुळे आबांची अहिराणी, जिच्यात 'ळ'चा 'य' होतो, मला नीट कळते. तिचं शुद्ध मराठी करताना मी तिला जरा चाळूनही घेत असे. आबा फोनवर म्हणत, "त्याले इचार, डोकं ठिकानावर शे का तुनं?" मी केबिनमध्ये जाऊन सांगे, "आबा तब्येतीची चौकशी करतायत." नाना म्हणत, "त्यांना सांग, बरी आहे. तुमच्यामुळे नाही."

नवी खुर्ची काढायची ठरली तेव्हा मात्र हे चाळणं पुरेना. पूर्वी दोघं भाऊ एका टेबलाशी बसून मातीचा नमुना करत. एक दाबायचा, दुसरा खरवडायचा, दुपारपर्यंत खुर्ची तयार. आता मी जळगावला नानांच्या सूचनेप्रमाणे मातीची छोटी खुर्ची करायची, ती एसटीने धुळ्याला न्यायची, आबांनी बोटं लावून बदललेली परत आणायची, असं सुरू झालं. ही माती म्हणजे मेण घातलेली, नमुने बनवायची. मे महिन्यात तिला एरंडोलपर्यंतच धीर धरवत असे. पारोळ्याला एक बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या पिशवीत भरताची वांगी होती. पिशवी माझ्या डब्यावर टेकली, डब्याचं झाकण आत बसलं, आणि धुळ्याला डबा उघडला तर खुर्ची पाठ टाकून आडवी झालेली. आबांनी ती हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिली.

"त्याले सांग," आबा म्हणाले, "तू खुर्ची बनाडी राहिना का पायना?"

मी म्हटलं, "आबा, हा पाळणा नाही. ही उन्हाने झोपली."

"उन्हानं नही. त्याना डोकातच आयस शे."

जळगावला येऊन मी नानांना सांगितलं की नमुना वाटेत बिघडला. त्यावर नानांनी काहीतरी ठरवलं असावं, कारण पुढच्याच महिन्यात ते मुंबईच्या एका प्रदर्शनाला गेले आणि दोन मोठी खोकी घेऊन आले.

खोक्यातून टेबललॅम्पसारखं एक यंत्र निघालं. खाली जड बैठक, वर सांध्यांचा दांडा, आणि टोकाला दिव्याऐवजी जाड पेन. पडद्यावर मातीचा गोळा दिसतो. पेन हातात धरून हवेत पुढे न्यायचं. पडद्यावरचं टोक गोळ्याला लागलं की हातातलं पेन अडतं. समोर काही नाही, तरी अडतं. जोर दिला की आत जातं, पण मातीने जितकं जाऊ द्यावं तितकंच. पुण्याहून बसवायला आलेल्या इंजिनिअरने मला पेन दिलं, मी त्या गोळ्यावरून टोक फिरवलं आणि अंगावर शहारा आला. गोळ्याचा एक खडबडीत भाग होता, तिथे पेन खरोखर खरखरलं.

नानांनी पेन धरलं, टोक गोळ्याला लावलं, आणि वाकून पडद्याच्या मागे बघितलं. मागे भिंत होती. त्यांनी पुन्हा टोक लावलं, पुन्हा मागे बघितलं. मग म्हणाले, "हे जे मला लागतंय, ते कुठं आहे?"

"कुठंच नाही, नाना. कॉम्प्युटरमध्ये आहे."

"मग अडवतंय कोण?"

"दांड्यातल्या मोटारी."

नानांना हे उत्तर आवडलं नाही, पण यंत्र आवडलं. आठवडाभर कारखान्यात जो येईल त्याला ते केबिनमध्ये नेऊन पेन धरायला लावत. विम्याचा माणूस आला, त्याने गोळ्याला भोक पाडलं. शेजारच्या डाळमिलचे मालक आले, त्यांनी डोळे मिटून हात लावला आणि हात झटकून बाहेर गेले. यंत्राचं मूळ नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते कोणाच्या तोंडात बसेना. कारखान्यात सगळे त्याला नुसतं 'हात' म्हणू लागले. "हात चालू आहे का?" "हात पुसून ठेवा." मातीचा मऊपणा कमीजास्त करायची सोय होती, त्या पायऱ्यांनाही आम्ही आमची नावं दिली. सगळ्यात मऊ तो खरवस, मग कणीक, मग गूळ, आणि शेवटी फरशी.

दुसरा हात धुळ्यासाठी होता. नानांची कल्पना अशी की, दोन्ही यंत्रं इंटरनेटने जोडायची. एकच खुर्ची दोन्हीकडे दिसेल, दोन्हीकडून घडवता येईल, आणि एकाच्या पेनला दुसऱ्याचं पेन भिडलं तर तेही हाताला कळेल. नमुना एसटीने न्यायला नको आणि, हे ते बोलले नाहीत, पण तोंड उघडायलाही नको.

मी आणि इंजिनिअर धुळ्याला गेलो. आबा लेथ मशीनशी उभे होते. त्यांनी खोक्याकडे पाहिलं. "हाई काय शे? शिलाई मशीन?"

मी समजावलं. आबा म्हणाले, "मी पोलादले हात लावस. हवाले लावत नही." ते पाठ फिरवून कामाला लागले.

अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, वर्कशॉपच्या मागेच राहतात. चहा घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून थेट यंत्रापुढे बसल्या. मी पडद्यावर गोळा आणला आणि मऊपणा कणकेवर ठेवला. अक्कांनी पेन पळीसारखं धरलं, गोळ्यात घातलं आणि एकदम सोडून दिलं.

"ओ माय! हाई ते खरंच लागस!"

मग त्यांनी पुन्हा पेन घेतलं आणि बराच वेळ मन लावून गोळा चेपत राहिल्या. चहा गार झाला. आबा दोनदा खोटंखोटं खोकले. शेवटी अक्का म्हणाल्या, "पन ओलं लागत नही. गारबी लागत नही. बाकी बठ्ठं शे."

हे ऐकून आबा आले. ओलं का लागत नाही ते बघायला आले असं म्हणाले. त्यांनी पेन धरलं, गोळ्यावरून एकदाच फिरवलं, आणि मऊपणा स्वतःच गुळावर नेला. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा ते यंत्रापुढेच होते आणि "जा, जा" म्हणताना त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

दोन्हीकडून एकत्र काम करायचा दिवस ठरला. मी जळगावला नानांच्या शेजारी बसले. धुळ्याला आबा, शेजारी अक्का. कॅमेरे दोघांनीही नाकारले. फोन चालू ठेवायचा, पण तो माझ्या आणि अक्कांच्या हातात, असं ठरलं.

सुरुवात बरी झाली. आबांनी बैठक थोडी खोल केली, नानांनी मान डोलावली. नानांनी पाठीला बाक दिला, तिकडून काही हरकत आली नाही. मी निश्चिंत होऊन पाणी प्यायला उठले. परत आले तर नाना उजव्या हातावर पोचले होते, म्हणजे खुर्चीच्या. ते तो रुंद करत होते. आणि ते रुंद करतील तसा तो पुन्हा अरुंद होत होता.

"कोण करतंय हे?" नाना म्हणाले.

"आबा असतील."

नानांनी पुन्हा रुंद केला. फोनमधून अक्कांचा आवाज आला, "हे म्हनतस, तठे कोन दाबी राहिना?"

"नाना दाबतायत, अक्का."

मागून आबांचा आवाज, "त्याले सांग, हात काढ!"

"नाना, आबा म्हणतात, हात काढा."

"त्यांना सांग, खुर्ची जळगावला निघते, धुळ्याला नाही."

मी अक्कांना सांगितलं, अक्कांनी आबांना सांगितलं, आणि उत्तर फोनवरून आलंच नाही, पेनातून आलं. नानांचा हात एकदम मागे सरकला. नानांनी खुर्चीत सावरून बसून पेन दोन्ही हातांनी धरलं. आता पडद्यावर दोन टोकं एकमेकांना भिडलेली आणि मधे खुर्चीचा बिचारा हात. ह्या यंत्राचा जोर किती, तर लहान मुलाने बोट धरून ओढावं इतका. पण पिकल्या केसांची दोन माणसं त्या जोराला तोंड देत घामाघूम झाली होती. नानांची जीभ दातांमध्ये आली होती. फोनमधून अक्का म्हणत होत्या, "अहो, बस करा, रक्तदाब वाढी जाई." खुर्चीचा हात आधी वाकला, मग वर गेला, मग लांब होत होत पडद्याबाहेर गेला. दांड्यातल्या मोटारी घूं करायला लागल्या, दोन्ही पेनं थरथरू लागली, आणि पडद्यावर लाल पट्टी आली की यंत्र गरम झालं आहे. दोन्हीकडचं काम आपोआप थांबलं.

नानांनी पेन ठेवलं आणि ते आपलं मनगट चोळत राहिले. मला वाटलं दुखावलं असेल.

मी इंजिनिअरला फोन केला. त्याने सांगितलं की, धुळे-जळगाव इंटरनेट थोडं मागेपुढे होतं. एकाचा धक्का दुसऱ्याला उशिरा पोचतो, तो उलट ढकलतो, तोही उशिरा पोचतो, आणि त्यातून दोन्ही यंत्रांना थरथर सुटते. काळजी नको, येऊन बघतो.

संध्याकाळी मी घरी भाजी निवडत बसले होते तेवढ्यात आबांचा फोन आला. स्वतः आबांचा, आणि आवाज अगदी खाली.

"पोरी, नानाना हात थरथरस."

मी म्हटलं, "हो आबा, माझ्या लक्षात आलंय. आज फार ताण पडला त्याच्यावर."

"कवयपासून?"

"तसं पहिल्यापासूनच थोडं होतं. इतकं नव्हतं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "डॉक्टर काय म्हने?"

मला वाटलं, आबा इंजिनिअरला थट्टेने डॉक्टर म्हणतायत. मीही थट्टेनेच उत्तर दिलं. "पुण्याचे डॉक्टर येणार आहेत. इथेच दुरुस्त झाला तर बरं, नाहीतर सांध्यापासून सोडवून पुण्याला न्यावा लागेल. तिकडे नवा बसवून देतात."

"नवा?"

"हो. वॉरंटीत आहे ना."

आबांनी फोन ठेवला. मला जरा नवल वाटलं, पण त्यांची फोन ठेवायची पद्धत तशीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. त्यांचे डोळे झोप न झाल्यासारखे दिसत होते. "धुळ्याचा हात थरथरतो," ते म्हणाले. "काल मला जाणवलं. तू तिकडे गेली होतीस, तेव्हा कसा होता?"

"तेव्हा छान होता, नाना. अक्कांनीही वापरला."

नाना माझ्याकडे बघत राहिले. "अक्कांनी?"

"हो, कणीक मळल्यासारखं केलं त्यांनी. तेव्हा काही त्रास नव्हता. मला वाटतं, आबा रोज फार वेळ चालवतात, त्याने गरम होत असेल."

"गरम होतो?"

"सांध्यात. हात लावला तर चटका बसतो."

नानांनी कपाळावर हात मारला. "आणि तो माणूस कोणाला सांगणार नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा पण असंच, आबा स्वतः तापाने फणफणलेले आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते." त्यांनी टेबलावरची गाडीची चावी उचलली. "चल. धुळ्याला."

मी त्यांच्यामागे धावले. काहीतरी चुकतंय हे मला जिन्यात कळायला लागलं. "नाना, ऐका, तुम्ही कोणत्या हाताबद्दल बोलताय?" पण नाना जिना उतरताना कोणाचं ऐकत नाहीत.

आम्ही गेटपाशी पोचलो आणि बाहेर रिक्षा थांबली. रिक्षातून आधी अक्का उतरल्या, मग एक पिशवी, मग आबा. लग्नानंतर ते पहिल्यांदाच कारखान्याच्या दारात येत होते. वॉचमनने सवयीने सलाम केला आणि मग घाबरून आमच्याकडे पाहिलं.

दोघं भाऊ गेटच्या दोन बाजूंना उभे राहिले. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना. दोघंही एकमेकांच्या हाताकडे बघत होते. नानांनी उजव्या हातात चावी धरली होती आणि घाईने येऊन त्यांना धाप लागली होती, म्हणून चावी हलत होती. आबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दखाड," आबा म्हणाले.

"काय?"

"हात दखाड तुना."

"मना हातले काय व्हयनं?" नाना इतकी वर्षं माझ्याशी शुद्ध मराठी बोलत आले होते. आता त्यांची अहिराणी आपोआप निघाली. "आबा, तू दखाड. तुना सांधा गरम शे म्हने."

"मना?"

"तुना!"

दोघांनी एकदमच हात पुढे केले, पंजे पसरून, शाळेत नखं दाखवतात तसे. चार हात, गेटच्या वर, जळगावच्या त्या उन्हात. एकही थरथरत नव्हता. आबांनी नानांचं मनगट धरलं, उलटसुलट केलं, बोटं दाबून पाहिली, आणि माल तपासून झाल्यासारखे म्हणाले, "धडधाकट शे ना रे हाऊ!"

"मग पुण्याला सोडवून कोणाचा न्यायचाय?" अक्कांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. हात म्हणजे यंत्र, थरथर म्हणजे इंटरनेट, डॉक्टर म्हणजे इंजिनिअर. सांगताना मला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. पहिल्यांदा अक्का हसल्या. पिशवी खाली ठेवून, गेटला धरून हसल्या. दोघं भाऊ हसले नाहीत. ते मला बोलायला लागले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"रात्रभर झोपलो नाही मी," नाना म्हणाले.

"मी काय झोपनू?" आबा म्हणाले. "नवा हात बसाडतस म्हने! वॉरंटीमा शे म्हने!"

"तुला काय सांगितलं हिने? मला म्हणे चटका बसतो!"

"शिकेल पोर शे आनि बोलता येत नही."

बोलत बोलतच ते गेटमधून आत गेले, मला विसरून, आणि माझ्याबद्दलची तक्रार एकमेकांना सांगत केबिनमध्ये जाऊन बसले. पिशवीत अक्कांनी नानांच्या हातासाठी आणलेलं तेल होतं, मालिशचं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "तू ठेव. आज तुले लागी."

दुपारी त्यांनी एकच यंत्र वापरलं. एकाने पेन धरायचं, दुसऱ्याने त्याच्या मनगटावर हात ठेवून दिशा द्यायची. भांडण थांबलं असं नाही. खुर्चीचा हात किती रुंद, यावर चहापर्यंत आवाज बाहेर येत होता. पण आता तो थेट येत होता आणि मला काही चाळावं लागत नव्हतं. शेवटी हात कमी रुंद झाला आणि मागच्या पायांना आबांनी आधाराची एक जास्तीची पट्टी दिली. नानांनी ती निमूटपणे मान्य केली. लग्नातल्या त्या हसण्याबद्दल कोणी काही बोललं नाही. निदान माझ्यासमोर तरी.

इंजिनिअर आला, थरथर काढून गेला. नंतर आठवड्याभराने आबांचा फोन. "पोरी, आते ते फारच गुयगुयीत चालस. नाना तठे बसेल शे का उठी ग्या, कयतच नही." मी इंजिनिअरला विचारलं, थोडी थरथर परत आणता येईल का. असली मागणी त्याला पहिल्यांदाच आली होती. तो म्हणाला, येईल, पण लेखी द्या.

त्या खुर्च्या आता बाजारात आहेत. मागच्या महिन्यात पिंपळनेरला मैत्रिणीच्या घरी साखरपुडा होता, तिथे मंडपभर त्याच होत्या. मी एकीवर बसले, मुद्दाम मागे रेलले, पाय पसरले. खुर्ची जागची हलली नाही. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "नीट बस गं, पडशील."

सध्या बादलीचं काम चालू आहे. कडी पितळी बादलीसारखी वाकडी हवी की सरळ, यावर दोघं भाऊ रोज तासभर फोनवर बोलतात. मी मधे काही बोलले तर दोघंही म्हणतात, तू थांब.